परिवीक्षा अधिकारी व्हायचंय? मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी सविस्तर वाट

परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून माझ्या नोकरीला अकरा वर्षं झाली. तरी लग्नकार्यात भेटणारे पाहुणे विचारतातच, "अजून प्रोबेशनवरच का गं? पर्मनंट कधी करणार?" समजावून सांगणं मी आता सोडून दिलंय. प्रोबेशन म्हणजे नोकरी लागल्यावरचा उमेदवारीचा काळ, आणि पीओ म्हटलं की बँकेतला. त्यापलीकडे, देखरेखीखाली मोकळं सोडणं हा या शब्दाचा कायद्यातला अर्थ कुणाला माहीत नाही. खरं तर पाहुण्यांचं अर्धं बरोबर आहे, कारण मी कंत्राटी आहे. पण ते पुढे येईलच.

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची समाजकार्य आणि कायदा शिकणारी मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "मॅडम, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षेला कोणतं पुस्तक वाचू?" सरळसेवेचं कोणतंही बरं पुस्तक चालेल. परीक्षा हा या वाटेवरचा सगळ्यात सोपा टप्पा आहे. ही नोकरी उभी असते ती पंधरा दिवसांत लिहायच्या एका अहवालावर. तो लिहिता येत नसेल तर परीक्षेत पहिला आलेला माणूसही इथे निरुपयोगी ठरतो. म्हणून परीक्षेचं थोडक्यात सांगते आणि अहवालाचं सावकाश.

काम नेमकं काय

अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आळ आला की त्याची चौकशी नेहमीच्या कोर्टात होत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ प्रमाणे त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करतात. मंडळात एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक बाई असावी लागते. कायदा या मुलाला आरोपी म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द जड आहे, पण सवय करून घ्या. तुमच्या तोंडून मंडळापुढे 'आरोपी' निघालं तर सदस्य तिथल्या तिथे टोकतात, आणि ते बरोबरच आहे.

पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मंडळापुढे आणायचं असतं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. पालकांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवणं हेही पोलिसांच्या बालकल्याण अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे (कलम १३). इथून तुमचं काम सुरू होतं. मूल कुठल्या घरातून आलं, शाळेत होतं का, कुणाच्या संगतीत होतं, हे कसं घडलं आणि आता त्याला कुठे ठेवलं तर ते सावरेल, हे शोधून मंडळाला लेखी द्यायचं. या अहवालाला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. आम्ही आपसात 'एसआयआर' (सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट) म्हणतो. हल्ली मतदार यादीच्या एसआयआरमुळे फोनवर गमती होतात, तो भाग वेगळा.

मोठ्या माणसांसाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा वेगळा कायदा आहे. २०१५ च्या कायद्यातली परिवीक्षा अधिकाऱ्याची व्याख्या दोन प्रकारची माणसं धरते: १९५८ च्या कायद्याखाली नेमलेला अधिकारी, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातला विधी तथा परिवीक्षा अधिकारी. नोकरीची दारं वेगवेगळी का आहेत हे या व्याख्येतून कळतं.

दार कोणतं, ते आधी ठरवा

पहिलं दार कायम नोकरीचं. महिला व बालविकास विभागाचं आयुक्तालय पुण्यात आहे आणि तिथून 'परिवीक्षा अधिकारी, गट क' या पदाची सरळसेवा भरती निघते. २०२४ च्या ऑक्टोबरमधली जाहिरात एकूण २३६ पदांची होती, त्यात परिवीक्षा अधिकाऱ्याची ७२. हे आकडे राज्यभराचे आहेत, म्हणजे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला किती येतात याचा हिशेब तुम्हीच करा. अशी भरती दरवर्षी निघत नाही. नुसती तिचीच वाट पाहत बसलेली मुलं मी तिशी ओलांडताना पाहिली आहेत.

दुसरं दार माझं. मिशन वात्सल्य योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो आणि त्यात विधी तथा परिवीक्षा अधिकाऱ्याचं एक पद असतं. त्यासाठी कायद्याची पदवी लागते. पद कंत्राटी असतं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मानधन महिना २७,८०४ रुपये आहे. नेमणुकीची मुदत संपली की नवा आदेश, मध्ये तांत्रिक खंड. बँकेत गृहकर्जासाठी गेलं की तो आदेश बघून साहेब चहा पाजतो आणि परत पाठवतो. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर माझ्या नावानं बोटं मोडायला नको.

तिसरं दार निरीक्षणगृहाचं, ज्याला गावातले लोक अजून रिमांड होमच म्हणतात. महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत ही गृहं जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना चालवते. तिथे परिवीक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा केस वर्कर अशी पदं असतात. पगार कमी, कधी थकलेला. पण मुलांच्या सहवासात शिकायला याहून चांगली जागा नाही. दोन वर्षं इथे काढलेला उमेदवार मुलाखतीत दोन वाक्यांत ओळखू येतो.

एक सावधगिरी. कंत्राटी भरतीच्या सुमाराला 'कक्षात लावून देतो' म्हणणारी मंडळी तालुक्याच्या ठिकाणी फिरतात. जाहिरात जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या फलकावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या हातात कागद देऊ नका. पैशाचं तर नावच काढू नका.

शिक्षण

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) की एलएलबी, हा वाद कँटीनमध्ये चालतो. माझं मत विचाराल तर आधी एमएसडब्ल्यू, मग तीन वर्षांचं एलएलबी. कायद्याची कलमं नंतरही पाठ होतात. अनोळखी घराच्या ओट्यावर गप्प बसून ऐकायला मात्र विशीतच शिकलेलं बरं. एलएलबीनं दुसरं दार उघडतं, एमएसडब्ल्यूनं तिसरं. पहिल्यासाठी जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता शब्दन् शब्द वाचा. 'समतुल्य' या शब्दावर किती अर्ज बाद होतात ते कागदपत्र तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

मराठवाड्यातल्या मुलांना यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हीकडे समाजकार्य आणि कायद्याचं शिक्षण आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर १९८६ पासून आहे. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. देशभरातली मुलं तिथे येतात आणि धाराशिव जिल्ह्यातल्याच मुलांना तो ठाऊक नसतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची लॉ सीईटी आहे.

एमएसडब्ल्यूत क्षेत्रकार्याची जागा ठरते तेव्हा बहुतेक जण घराजवळची सोयीची संस्था मागतात. तुम्ही निरीक्षणगृह किंवा बाल संरक्षण कक्ष मागा. विभागप्रमुख म्हणतील, "तिथे परवानगीची कटकट असते." असते. अर्ज घेऊन स्वतः जा, दोनदा परत पाठवतील, तिसऱ्यांदा देतील.

जाहिरात येईपर्यंत काय करायचं

पदवी हातात आली आणि जागा निघाली नाही, हा काळ बहुतेकांच्या वाट्याला येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. मानधन किरकोळ असतं, पण कोर्टाच्या आवारात वावरायची भीती जाते आणि वकील, पोलीस, कारकून यांची भाषा कानावर पडते. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन २०२३ पासून सरकारी यंत्रणेत आली, तिथे जिल्हा पातळीवर केस वर्करची पदं असतात. ऊसतोड, बालविवाह किंवा शाळाबाह्य मुलांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत दोन वर्षं काढली तरी चालेल. पण लेखी अनुभवपत्र घ्या, जावक क्रमांकासह. 'सर ओळखतात मला' याला कागदपत्र तपासणीत किंमत नाही.

आणि भाषा! मराठवाड्यात एका मराठीवर भागत नाही. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत आणि बीड-परभणीच्या मोहल्ल्यांत दखनी. सगळ्या येणं शक्य नाही. पण आपल्या जिल्ह्यातली एक तरी कामापुरती शिका. तांड्यावरच्या म्हातारीला तिच्या बोलीत दोन शब्द बोललात की ती पाण्याचा तांब्या आणते, आणि तांब्या आला म्हणजे बोलणं सुरू झालं.

परीक्षा आणि मुलाखत

सरळसेवेच्या ऑनलाइन परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन हेच असतं. तलाठी भरतीचा अभ्यास केलेल्या कुणालाही ते परकं नाही. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कंत्राटी पदाच्या मुलाखतीत मात्र कायदा विचारतात, तोही वळसा घालून. "मुलगा सतराचा वाटतो, पोलीस एकोणीस म्हणतात, काय कराल?" इथे कलम ९४ यायला हवं: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, आणि निर्णय मंडळाचा. आपल्याकडे याला एक खास पदर आहे, तो सांगितलात तर मुलाखत घेणारे मान वर करून बघतील. गावागावांत जून महिन्याच्या एक तारखेला जन्मलेली मुलं किती आहेत बघा! मास्तरांनी पहिलीत नाव घालताना सोयीनं लिहिलेली ती तारीख कायद्यापुढे पहिला पुरावा ठरते. म्हणून दाखल्याबरोबर शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टरही बघायला शिका.

कलम ३, ८, १२ ते १५, १८, २४, ७४, ९४ आणि ९९ एवढी मूळ कायद्यातून वाचा, गाइडमधून नको. महाराष्ट्राचे २०१८ चे नियमही वाचा. २०२१ ची दुरुस्ती विसरू नका, ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे आणि गाइडं अजून जुनीच विकली जातात.

पहिले पंधरा दिवस

मूल पहिल्यांदा मंडळापुढे येतं त्या दिवसापासून पंधरा दिवस मोजायचे. हे कायद्यातलं आहे, साहेबांनी ठरवलेलं नाही. पूर्ण चौकशीला चार महिने असतात, फार तर आणखी दोन. तुमचा अहवाल रेंगाळला की पुढचं सगळं रेंगाळतं आणि तोवर मूल निरीक्षणगृहात असेल तर त्याचा प्रत्येक दिवस तुमच्या खात्यावर पडतो.

पहिल्या दिवशी मुलाला भेटा, पण गुन्ह्याबद्दल विचारू नका. जेवलास का, रात्री झोप लागली का, घरी कुणाला फोन करायचाय. पोलिसांनी, वकिलांनी, पालकांनी तेच तेच विचारून त्याच्याकडे एक पाठ केलेलं उत्तर तयार झालेलं असतं. ते ऐकून तुमच्या हाती काही लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत गृहभेट. इथे मी सुरुवातीला केलेली चूक सांगते. कार्यालयाची गाडी मिळाली म्हणून आनंदानं 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या जीपमधून गावात उतरले आणि पारावर बसलेल्यांना विचारलं, "मोटारसायकलच्या केसमधल्या मुलाचं घर कुठे?" पाच मिनिटांत अर्धं गाव मागे. मुलाची ओळख उघड करू नये असं कलम ७४ सांगतं, आणि त्याची अधिकारी असलेल्या मीच ती चव्हाट्यावर मांडली होती. तेव्हापासून एसटीनं जाते (बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून खिशालाही बरं), फाट्यावरून काळी-पिवळी, आणि विचारायचं ते बापाचं नाव, केस नाही. पोलीस पाटलाला सोबत न्यायचं नाही. रस्ता दाखवायला आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई बऱ्या, पण दारापर्यंतच.

घरात गेल्यावर वही लगेच काढू नका. कुठे बसायला सांगतात, कोण बोलतं, कोण दाराआड राहतं, चुलीवर काय आहे, भिंतीवर शाळेतलं प्रशस्तिपत्र आहे का, सगळं बघा. एका घरी आजी एकटीच होती. मुलगा सोळाचा, आळ दुचाकी चोरीचा. (गाव, घर, वय यातलं बरंच बदललंय, ओळखायचा प्रयत्न करू नका.) आजी म्हणाली, "लेकरानं गाडी नेली बाई, पर इकली नाही. पेट्रोल सरलं तसं बांधाला लावून आलं." हे वाक्य मी अहवालात घेतलं नाही. गुन्हा घडला की नाही ते ठरवणं मंडळाचं काम, आणि आजी माझ्याशी बोलत होती ती मी तिच्या नातवाची चौकशी करायला आलेली बाई म्हणून, पुरावा गोळा करणारी म्हणून नाही. नवा अधिकारी इथे हमखास घसरतो. त्याला वाटतं, कबुली मिळाली.

आजीकडून मला हवं होतं ते दुसरंच होतं. मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळीनंतर टोळी गेली ती उन्हाळ्यातच परतणार. आईबाप मिळून एक कोयता (तोडणीची एक जोडी), उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, ती मोठ्या मुलीच्या लग्नात गेली. मग शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी हजेरीपट काढला: नववीत, नोव्हेंबरपर्यंत बरा, डिसेंबरपासून नावापुढे नुसत्या फुल्या. वर्गशिक्षक म्हणाले, "पोरगं वाईट नाही मॅडम, त्याला घरी बोलणारं कुणी नाही." शिक्षक, शेजारी, किराणा दुकानदार आणि कामावर जात असेल तर मालक, यांतल्या किमान दोघांशी बोलल्याशिवाय अहवालाला हात घालू नका. तिथेही केसचा उच्चार नाही.

राहिला बाप. मुकादमाच्या फोनवर त्याला गाठलं. मंडळापुढे येता येईल का विचारलं, तर आधी गप्प. मग म्हणाला, "खाडा पडतो मॅडम. दोघांचा." एक दिवस कोयता थांबला की मुकादम दंड लावतो, त्याला खाडा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावरून यायला-जायला दोन दिवस, म्हणजे दोघांचे मिळून चार खाडे. हे कळलं नसतं तर मी साळसूदपणे लिहिलं असतं: 'पालक बालकाबाबत उदासीन आहेत.'

अहवाल लिहिताना

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांमध्ये या अहवालाचा छापील नमुना आहे, नमुना ६. रकाने बरेच आहेत आणि घाईत प्रत्येक रकान्यात 'समाधानकारक', 'असमाधानकारक', 'सर्वसाधारण' लिहून मोकळं होता येतं. असे अहवाल मी वाचले आहेत. नाव बदललं की जिल्ह्यातल्या कोणत्याही मुलाला लागू पडतील.

फरक कसा पडतो ते बघा. एक वाक्य: 'कौटुंबिक वातावरण असमाधानकारक असून बालकावर पालकांचे नियंत्रण नाही.' दुसरं: 'आई-वडील नोव्हेंबर ते एप्रिल ऊसतोडणीसाठी बाहेरगावी असतात. या काळात बालक ७० वर्षांच्या आजीजवळ राहतो. आजीला दिसायला कमी आहे. शाळेतील अनुपस्थिती पालक गेल्यानंतर सुरू झालेली दिसते. मे ते ऑक्टोबर या काळात शाळा किंवा शेजारी यांची कोणतीही तक्रार नाही.' पहिलं वाचून दंडाधिकाऱ्यांना वाटेल, मुलाला गृहातच ठेवलेलं बरं. दुसरं वाचून ते विचारतील, या सहा महिन्यांसाठी दुसरं कुणी आहे का? मामा होता, तालुक्याच्या गावी. तेच मी शिफारशीत लिहिलं: मामाच्या ताब्यात, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, शाळा बदलून.

मत आणि माहिती वेगळी ठेवा. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं, हे वाक्यातच यायला हवं. मोठे शब्द टाळा. 'व्यसनाधीन' लिहिण्याआधी स्वतःला विचारा, गुटखा खातो की व्हाइटनर हुंगतो? दोन्हींची वाट वेगळी आहे.

जातीच्या रकान्याबद्दल स्पष्ट बोलते. पारधी वस्तीवरचं मूल असलं की पोलिसांच्या कागदात 'सराईत', 'परंपरेने' असले शब्द आपसूक येतात. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लेखणीतून गेला नाही. कुणाचा चुलता आत आहे, एवढ्यावरून मुलाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कलंक लावणारी भाषा वापरू नये हे कलम ३ मधलं तत्त्वच आहे. पोलिसांचं वाक्य अहवालात जसंच्या तसं उतरवणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

सोळा ते अठराच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आळ असेल तर अहवालाचं वजन वाढतं. कलम १५ प्रमाणे मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि त्यावरून मुलाची केस बाल न्यायालयात प्रौढासारखी चालू शकते. अशा वेळी घाईत लिहिलेलं एखादं विशेषणही मुलाला महागात पडतं. १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा देश बोलला. आमच्याकडे त्या आठवड्यात पालक विचारत होते, "निबंध लिहून दिला तर सुटेल का?" लोकांचा राग मला समजतो. पण बातमीच्या तापात अहवाल लिहायचा नसतो.

अहवाल गोपनीय आहे, कलम ९९. वकिलांनी "जरा एक कॉपी व्हॉट्सॲप करा ना" म्हटलं तरी नाही. पुढाऱ्याच्या माणसाचा फोन येईल, कुणी कोंबडी घेऊन दारात येईल, कुणी "ताई, चांगलं लिहा" म्हणत रडेल. फोनला एकच उत्तर: जे आहे ते मंडळापुढे सांगा. कोंबडी परत. रडणाऱ्याला पाणी द्या आणि बसू द्या, पण आश्वासन देऊ नका.

आदेशानंतर

बाहेरच्यांना वाटतं, निकाल लागला की संपलं. कलम १८ खाली मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला किंवा समाजसेवेला पाठवू शकतं, पालकांच्या हमीवर जास्तीत जास्त तीन वर्षं परिवीक्षेवर सोडू शकतं किंवा विशेष गृहात ठेवू शकतं. परिवीक्षेचा आदेश झाला की पुढचे महिने तुमच्या डायरीत. भेट, नोंद, पाठपुरावा अहवाल.

या काळात उपदेश कमी आणि कागद जास्त लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला. नववीत सुटलेल्या मुलाला दहावीसाठी १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून द्या, मग आयटीआयचा विचार. एकल पालक किंवा अनाथ असेल तर बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये किंवा मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये मिळण्याची सोय आहे, पण ते प्रकरण बालकल्याण समितीकडून जातं. मंडळाकडून तिकडे पाठवून घ्यायचं काम तुम्ही करायचं. दहा भाषणांनी होत नाही ते कधी कधी या एका मंजुरीनं होतं.

आणि एक प्रश्न प्रत्येक बाप विचारतो: "पोलीस भरतीला अडचण येईल का?" आपल्याकडे गावोगावी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं बघता हा प्रश्न साधा नाही. कलम २४ सांगतं की या कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही. अपवाद आहे तो सोळावं पूर्ण झाल्यावर प्रौढ म्हणून केस चाललेल्या मुलांचा. हे बापाला नीट, दोनदा सांगा. मुलालाही सांगा, त्यानं विचारलं नसलं तरी.

अंगाशी येणाऱ्या गोष्टी

तालुक्याचं गाव साठ-सत्तर किलोमीटरवर, परतीची एसटी पाचला, आणि बाई घरी येते सहाला. दंडाधिकाऱ्यांना त्यांचं रोजचं कोर्टही असतं, म्हणून अनेक जिल्ह्यांत मंडळ ठरावीक वारीच बसतं. ते वार गृहभेटीतून वगळा. मुलींनी एकटीनं संध्याकाळच्या भेटी टाळाव्यात, बाल संरक्षण कक्षातल्या क्षेत्रीय कार्यकर्त्याला सोबत घ्यावं आणि कुठे जातोय ते कार्यालयात लिहून ठेवावं. प्रवासभत्त्याची बिलं महिनोन्महिने अडकतात, म्हणून तिकिटं फेकू नका.

मनावर येणाऱ्या गोष्टी वेगळ्या. ज्या मुलासाठी तुम्ही मामा शोधला, शाळा बदलली, तेच मूल आठ महिन्यांनी पुन्हा मंडळापुढे उभं दिसतं. ते नजर चुकवतं. त्या दिवशी रागावून नवा अहवाल लिहायला बसू नका, दुसऱ्या दिवशी लिहा. आणि जुना अहवाल शेजारी ठेवा, कारण त्यात काय सुटलं होतं ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

नोकरी लागली तर पहिल्या वर्षी एवढं करा. बीड, जालना, परभणी, धाराशिवमधल्या ज्या गावांतून टोळ्या जातात तिथल्या तुमच्या देखरेखीखालच्या मुलांच्या घरी दसऱ्याच्या आधी जाऊन या. बापाचा नंबर, मुकादमाचा नंबर, कोणत्या कारखान्यावर जाणार आणि मागे मुलाजवळ कोण राहणार, एवढं डायरीत लिहून घ्या. दिवाळीनंतर गेलात तर दाराला कुलूप असेल.